निकालातलं एक वाक्य

"बौद्ध बायकांना पाळी येत नाही का?"

नवऱ्याच्या वकिलानं विचारलं आणि हसला. त्याचा ज्युनिअर हसला. टंकलेखक मान खाली घालून हसला. दाराशी उभा चपराशी हसला. माझा नवरा हसला नाही, पण खिडकीबाहेर पाहू लागला. माझा स्वतःचा वकील ओठ दाबून बसला होता. मी पाहिलं.

कोर्टाचं दार बंद होतं. नवरा-बायकोची प्रकरणं बंद दाराआड चालवावीत असा कायदा आहे. बाईची अब्रू जाऊ नये म्हणून, असं मला सांगण्यात आलं होतं. दाराआड जेवढे होते तेवढे हसायला पुरेसे होते.

हा प्रश्न माझ्यापर्यंत कसा आला, ते सांगते.

आमचं घर नागपुरात, जरीपटक्याच्या अलीकडच्या वस्तीत. बाबा कापडमिलमध्ये, माय घरी विड्या वळायची. छप्पन साली बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी फार लहान होते. मला आठवतं ते एवढंच, की घरातले देव एका टोपलीत भरले आणि टोपली गेली. ती रिकामी परत आली तेव्हा मायनं तिच्यात कांदे ठेवले.

त्याच आठवड्यात बाबा मायला म्हणाले, "आजपासून या घरात कोणी बाहेर बसनार नाही. ना तू, ना पोरी."

पाळीच्या दिवसांत बाईनं वेगळं बसायचं, कशाला शिवायचं नाही, ताट वेगळं, पाणी वेगळं. ज्यांना गावानं पिढ्यान्‌पिढ्या शिवू दिलं नाही, त्यांच्याच घरात बाईला तीन दिवस शिवायचं नाही. बाबांना हे कळलं होतं. सातवीपर्यंत शिकलेला मिलमजूर. आमच्या घरातला विटाळ त्यांनी एका वाक्यात बंद केला.

म्हणून आमच्या घरात कोणी मोजत नव्हतं. माझ्या बहिणींना पाळी आली, मला आली नाही. मायला माहीत होतं. वस्तीतली सुईण म्हणाली, काही पोरींना उशिरा येते. उशीर झाला, आणखी झाला. मी मॅट्रिक झाले. बी.ए. झाले. मायकडच्या आणि बाबांकडच्या घरांत, बापेमाणसं धरून, मी पहिली पदवीधर. मग बी.एड. मग मुलींच्या शाळेत नोकरी, भूगोल आणि मराठी. पाळीचा विषय मागे पडला. मायनं बोलायचं सोडलं, मीही सोडलं. मला काही दुखत नव्हतं. काही अडतही नव्हतं.

लग्न झालं उमरेडच्या घरात. नवरा कोळशाच्या खाणीत क्लार्क. सासरा खाणीतला ठेकेदार, गावात वजन असलेला माणूस. आमच्याच समाजातले. भिंतीवर देवांच्या जागी तोच फोटो, लग्न वंदना म्हणून लागलेलं, सगळं आमच्यासारखं. मला वाटलं, घर बदललं, भिंत तीच आहे.

लग्नानंतर महिनाभरात सासूनं मागच्या अंगणातला पत्र्याचा आडोसा दाखवला. एक चटई, एक जर्मनचं ताट, पाण्याचा एक गडवा.

"तुये दिवस आले का इथं बसायचं."

मी म्हणाले, "मी नाही बसणार. आमच्याकडे ही पद्धत नाही."

"काहून? तू काय येगळी हायेस?"

"आपण दीक्षा घेतली ना?"

"दीक्षा भिंतीवर, विटाळ अंगावर." सासू शेजारणीकडे पाहून म्हणाली आणि दोघी हसल्या. "लय शिकली वं माही सून. हिले समदं मालूम."

मला त्या दिवशी अभिमान वाटला. आजही वाटतो. त्या आडोशात मी एकदाही बसले नाही. घरात सगळे म्हणायचे, मास्तरीण आहे, माज आहे. म्हणू दे.

पण सासूला माजाचं काही वाटलं नव्हतं. ती दोरीकडे पाहत होती. कपडे वाळत घालायची दोरी. त्या दोरीवर काय येतं आणि काय येत नाही हे ती वर्षभर पाहत राहिली. मला याचा पत्ता नव्हता. मी सकाळच्या एस.टी.नं नागपूरला शाळेत यायची, संध्याकाळी परत जायची, आणि माझ्यामागे माझ्या दोरीची हजेरी चालली होती.

वर्ष झालं. मूल नाही. मग एक दिवस नवरा म्हणाला, "तू माहेरी जाऊन राह्य काही दिवस." मी गेले. पोस्टमन आला तो कोर्टाचा समन्स घेऊन.

अर्जाच्या माथ्यावर लिहिलं होतं, हिंदू विवाह कायद्याखाली. मी माझ्या वकिलाला विचारलं, "आम्ही तर बौद्ध आहोत."

तो म्हणाला, "लग्नापुरते तुम्ही हिंदूच ताई. कायदाच तसा आहे."

घ्या. बाबांनी टोपली रिकामी करून आणली होती. कायद्यानं ती न विचारता परत भरली.

पण त्याहून मोठी गोष्ट आत होती. अर्जात म्हटलं होतं की हे लग्न मुळात झालंच नाही असं जाहीर करावं. कारण, प्रतिवादी ही स्त्री नाही. आमच्यापासून ही गोष्ट लपवून आम्हाला फसवण्यात आलं.

मी माझ्या वकिलाला तिथल्या तिथं सांगितलं. त्याला मी नको असेन तर मलाही तो नको. दोघांच्या मर्जीनं घटस्फोट घेऊ. माझी काहीच हरकत नाही. फक्त ते वाक्य काढा.

वकील गेला, बोलून आला. म्हणाला, "ते घटस्फोटाला तयार नाहीत."

"काहून?"

"घटस्फोट झाला तर दुसऱ्या लग्नाच्या वेळी मुलीकडचे विचारतील, पहिली का सोडली. लग्नच झालं नव्हतं असा निकाल आला तर प्रश्नच नाही. मुलगा कोरा."

म्हणजे त्याला कोरं व्हायचं होतं. त्यासाठी मला पुसायचं होतं. सगळं प्रकरण एवढंच होतं.

माझ्या वकिलानं उत्तराचा मसुदा केला. त्यात एक ओळ होती की प्रतिवादी ही 'तसल्या वर्गातली' नाही. मी थांबवलं. म्हटलं, तसल्या म्हणजे कोणत्या? तो कानकोंडा झाला. कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलाच्या हाताखालच्या एका मुनशीनं माझ्या पाठीमागे टाळी वाजवली होती, पंजे पसरून, इतवारीच्या बाजारात दुकानासमोर हिजडे वाजवतात तशी. माझं डोकं तापलं होतं. पण घरी येईपर्यंत मला वाटलं, मी तापले कोणावर? त्या मुनशीवर तापायला हवं. इतवारीत जे टाळी वाजवून पोट भरतात त्यांनी माझं काय वाकडं केलं? कायद्यात तर त्यांच्यासाठी रकानाही नाही. त्यांना ढकलून मी वर चढावं असं माझ्या वकिलाला वाटत होतं. मी ती ओळ खोडायला लावली. तो म्हणाला, "तुम्ही स्वतःचंच नुकसान करून राहिल्या." मी तेव्हाच ओळखलं, हा माझा वकील आहे पण माझ्या बाजूचा नाही. दुपारच्या सुट्टीत तो नवऱ्याच्या वकिलासोबत एकाच टेबलावर चहा प्यायचा. माझ्याविषयी बोलत असतील. नसतीलही. मी मात्र तेव्हापासून त्याच्या प्रत्येक कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही.

मग सासू साक्षीला आली. नवं लुगडं नेसून.

"साहेब, वर्षभरात एक दिवस बाहेर नाही बसली हे. एक दिवस नाही. दोरीवर कधी कपडा नाही. आमच्या घरच्या समद्या बाया बसते. हेच नाही बसे."

मग मी उभी राहिले. नवऱ्याच्या वकिलानं विचारलं, "पाळीच्या दिवसांत तुम्ही बाहेर बसत नव्हता, हे खरं?"

"खरं."

"का?"

"आम्ही बौद्ध आहोत."

त्यावर त्यानं तो प्रश्न विचारला. ज्यावर ते हसले.

मी ज्या गोष्टीचा अभिमान बाळगला, त्यांनी तिचाच पुरावा केला. बाबांनी जो आडोसा मोडला, त्यात मी बसले असते तर मी बाई ठरले असते. खोटंखोटं बसले असते तरी ठरले असते. महिन्याला तीन दिवस त्या चटईवर जाऊन बसायचं, जर्मनच्या ताटात जेवायचं, आणि मला आज कोर्टात कोणी काही विचारलं नसतं. विटाळ पाळला की स्त्री. नाही पाळला की सिद्ध कर.

त्या संध्याकाळी बाबा बाजेवर बसले होते. मिल सुटल्यावर ते असेच बसतात, पाय खाली सोडून. मला म्हणाले, "माही चूक झाली का वं? मी ते बंद नसतं केलं त..."

मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. "चूक तुमची नाही बाबा. त्यांनी फक्त फोटो बदलला."

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. माझ्या सासरच्यांनी माझ्या बापाला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या वाक्याबद्दल शंका घ्यायला लावली. हे मी त्यांच्या हिशेबात वेगळं धरलं आहे.

कोर्टानं वैद्यकीय तपासणीचा हुकूम दिला. माझा वकील म्हणाला, "पाच मिनिटांचं काम आहे ताई. एकदाचं होऊन जाऊ द्या." मी म्हटलं, बरं. मला तेव्हा वाटत होतं, डॉक्टर म्हणजे शिकलेला माणूस. शिकलेला माणूस बघेल, लिहील, संपेल.

डॉक्टरीणबाई होत्या. टेबलाच्या बाजूला सात-आठ विद्यार्थी उभे. बहुतेक मुलगे. बाईंनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलं नाही. विचारलं, "जात?"

"बौद्ध."

"म्हणजे आधीची?"

मी म्हटलं, "आधीची टोपलीत गेली."

त्यांना कळलं नाही. त्यांनी आपल्या मनानं काहीतरी लिहिलं. मग विद्यार्थ्यांकडे वळून इंग्रजीत बोलू लागल्या. पाहा, अशा केसेस फार मिळत नाहीत. पाहा, खांदे पाहा, आवाज ऐकला का. हे लोक खेड्यापाड्यांत आयुष्यभर असेच राहतात, त्यांना माहीतही नसतं. एक मुलगा वहीत लिहून घेत होता. मी खेड्यातली नव्हते. माझे खांदे माझ्या बापाचे आहेत. आणि मला इंग्रजी येतं. हे त्या खोलीतल्या एकाच्याही मनात आलं नाही. माझं नाव, वस्ती, जात कागदावर होती. शिक्षण लिहायची जागा नव्हती.

मग मराठीत, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं, "चला, साडी वर करा. झोपा."

मी टेबलावर बसलेली होते. म्हटलं, "ही मुलं कशाला?"

"शिकायला आहेत ती."

"मीपण शिकवते बाई. माझ्या वर्गात मी कोणाचे कपडे काढत नाही."

एक विद्यार्थीण खाली पाहू लागली. डॉक्टरीणबाई लाल झाल्या. "कोर्टाचा हुकूम आहे. नाही म्हटलंत तर तुमच्याविरुद्ध जाईल."

"जाऊ द्या."

मी टेबलावरून खाली उतरले. चप्पल घातली. पदर नीट केला. इंग्रजीत म्हणाले की मी तुमचं सगळं बोलणं ऐकलं आहे, आणि तुमच्या विद्यार्थ्यानं वहीत जे लिहिलं ते खोडावं. मग निघाले.

लोक मला विचारतात, मायसुद्धा विचारते, की आत लपवण्यासारखं काही नव्हतं तर दाखवून मोकळं का नाही झालीस? मी सांगते. माझ्या आत काय आहे मला माहीत नाही. मी पाहिलं नाही. तुम्ही तुमच्या आत पाहिलं आहे का? माझ्या आत गर्भाशय असेल, नसेल, अर्धं असेल. ते डॉक्टरनं मला सांगावं, मी आजारी पडले तर. दाराला कडी लावून सांगावं. त्यावरून मी कोण हे नवऱ्याच्या वकिलानं ठरवू नये. मी जन्मल्यापासून मुलगी म्हणून मार खाल्ला, मुलगी म्हणून भावाच्या नंतर जेवले, मुलगी म्हणून शिकायला भांडले. तेव्हा कोणी तपासायला आलं नाही. तपासायला आले ते मी नको झाले तेव्हा.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी मला विचारलं, तपासणीला नकार का दिला. मी उभी राहून सांगितलं, नीट, शाळेत बोलते तसं. विद्यार्थ्यांचं सांगितलं. मग म्हटलं, "माझी तपासणी करायची तर अर्जदाराचीही करा. मूल झालं नाही ते दोघांना झालं नाही. वर्षभर एका खोलीत राहिलो. त्यांना काही दिसलं नाही, त्यांच्या मायला दोरीवर दिसलं."

नवरा पहिल्यांदा माझ्याकडे पाहत होता. त्याचा वकील ताडकन उठला. "साहेब, माझे अशील पुरुष आहेत हे दिसतंच आहे."

मी म्हटलं, "मीपण दिसते."

या वेळी कोणी हसलं नाही. टंकलेखकाची बोटं थांबली होती. न्यायाधीश काही सांगतील म्हणून तो वर पाहत होता. मी म्हटलं, "साहेब, हे लिहून घ्या."

न्यायाधीश म्हणाले, "ते संबंधित नाही." आवाज वाईट नव्हता. सभ्य माणूस होता. सभ्यपणे त्यांनी मला कागदाबाहेर ठेवलं.

निकाल इंग्रजीत आला. माझा वकील म्हणाला, "द्या, समजावून सांगतो." मी म्हटलं, "मी वाचते." व्हरांड्यात उभं राहून वाचला. लग्न रद्द. आणि त्याच्या आधी, मधल्या पानावर एक वाक्य. प्रतिवादीने तपासणीस नकार दिल्यामुळे, ती वैद्यकीय अर्थाने स्त्री नाही असेच मानणे भाग आहे.

मानणे भाग आहे. कोणाला भाग आहे? कोणी भाग पाडलं?

वकील म्हणाला, "ताई, तुमचं काय गेलं? लग्न तुम्हालाही नकोच होतं. झालं ना मोकळं."

माझं काय गेलं ते आठवडाभरात कळलं. शाळेच्या संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर निकालाची प्रत होती. बंद दाराआडचा निकाल. त्यांच्याकडे कोणी पोचवला, मला माहीत नाही. मला अंदाज आहे. एरवी ते मला बाई म्हणायचे. त्या दिवशी आडनावानं बोलले.

"मुलींची शाळा आहे. ही जागा स्त्री शिक्षिकेची आहे. पालक विचारतील. तुम्ही तूर्त रजेवर जा. कोर्टाचा कागद आहे, आमचे हात बांधले आहेत."

पालकांनी काही विचारलं नव्हतं. मी चौकशी केली. माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई घरी येऊन गेली. दारातूनच म्हणाली, "पोरगी नकाशा काढून राहिली, कोणाले दाखवू म्हणते. तुमी कधी येता वं मॅडम?"

मग मी वकिलाकडे गेले. म्हटलं, अपील करायचं. फक्त त्या वाक्याविरुद्ध.

तो हसला. "वाक्याविरुद्ध अपील होत नाही ताई. निकालाविरुद्ध होतं. वाक्य खोडायचं तर लग्न रद्द केलं तेच चूक म्हणावं लागेल. म्हणजे तुम्हाला वरच्या कोर्टात जाऊन मागावं लागेल की मला या माणसाची बायको राहू द्या." मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "आहे तयारी?"

त्याला वाटलं, मी गप्प होईन. कायदा असाच बांधलेला आहे. अपमान एका खोलीत ठेवतो आणि त्या खोलीचं दार दुसऱ्या अपमानातून काढतो. दमून बाई बाहेरच बसते. पत्र्याच्या आडोशात.

मी म्हटलं, "आहे. कागद द्या माझे सगळे."

कागद घेऊन दुसऱ्या वकिलाकडे गेले. तरुण आहे, आमच्याच वस्तीतला, फार हुशार नाही पण विरुद्ध पक्षाबरोबर चहा पीत नाही. अपील दाखल झालं. त्यात माझ्या सहीनं लिहिलं आहे की मी या माणसाची कायदेशीर पत्नी आहे आणि ते लग्न शाबूत धरावं. ज्याच्या दारात मला पाऊल ठेवायचं नाही, त्याची.

माय विड्या वळता वळता म्हणाली, "ज्या घरी जायचं नाही त्या घरासाठी काहून भांडून राहिली वं?"

"घरासाठी नाही माय."

"मंग?"

"ते वाक्य माझ्याविषयी आहे. ते मी लिहिलं नाही."

तिनं विडीला दोरा गुंडाळला. म्हणाली, "मंग भांड."

मी संध्याकाळच्या कायद्याच्या वर्गाला नाव घातलं आहे. पुस्तक वाचताना मी प्रत्येक ओळ संशयानं वाचते. ही कोणासाठी लिहिली? लिहिताना खोलीत कोण होतं? कोण हसत होतं? लग्नाच्या कायद्यात मला कुठेही बाईची व्याख्या सापडली नाही. माझ्याकडून पुरावा मात्र त्याच व्याख्येचा मागितला.

वरचं कोर्ट ते लग्न मला परत देईल किंवा देणार नाही. दिलं, तर घटस्फोटाचा अर्ज माझा जाईल. त्याच आठवड्यात, माझ्या सहीनं. लग्न झालं होतं हे आधी त्याला मान्य करावं लागेल, मग ते मी मोडीन. नाही दिलं, तर त्याच्याही वर जाईन. तिथेही म्हणतील, तपासणी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

त्या टेबलावर मी चढणार नाही.